बॅटरीची आणेवारी कोणी करायची?

विजेवर चालणारी मोटार विकत न घेता ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्याची प्रथा नोकरदार वर्गात हळूहळू रूढ होत आहे. एकरकमी मोठा पैसा उभा करावा लागत नाही आणि मुदत संपल्यावर जुनी मोटार विकण्याची विवंचनाही उरत नाही. हे लाभ खरे आहेत. तथापि ज्या बॅटरीत मोटारीच्या किमतीचा मोठा वाटा गुंतलेला असतो, ती पट्ट्याच्या मुदतीतच दुबळी होऊ लागली तर तोटा कोणाचा, या प्रश्नाचे सरळ उत्तर करारपत्राच्या बारीक अक्षरांत सहसा सापडत नाही. मोटार पूर्वीच्या निम्म्या अंतरावर थांबू लागली तरी भाडे मात्र ठरल्या तारखेस पूर्ण द्यावे लागते. उपयोग घटला की त्याच प्रमाणात भाडेही घटले पाहिजे, हे तत्त्व करारांत आणि कायद्यात स्पष्टपणे येणे आवश्यक आहे.

लिथियम-आयन बॅटरी सहसा एका दिवसात बंद पडत नाही. ती झिजत जाते. तीव्र उष्णता, पूर्ण भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ उभी राहणे आणि वारंवार केलेले अतिजलद चार्जिंग यांमुळे ही झीज वाढते. बऱ्याच मोटारींच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंतची हमी असते. परंतु ही हमी साधारणतः मूळ क्षमता ७० टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच लागू होते. म्हणजे क्षमता ७२ टक्क्यांवर आली असता कोणाचाच दोष नाही, भरपाई नाही, आणि भाडे मात्र १०० टक्के, अशी स्थिती उद्भवते. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना या उष्ण राज्यात निसान लीफ मोटारींच्या मालकांनी नेमकी हीच तक्रार केली होती. त्यानंतर त्या कंपनीला ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांपर्यंत क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथील भाडेकरूने या उदाहरणाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

या झिजेचा व्यवहारातील अर्थ पाहू. अहिल्यानगर ते पुणे हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे, जाऊन-येऊन २४०. समजा, नवी मोटार एका चार्जिंगमध्ये प्रत्यक्ष २६० किलोमीटर जाते. सकाळी निघून रात्री परतण्याचा हिशेब त्यावर जुळतो. क्षमता ७५ टक्क्यांवर आली की हीच मोटार १९५ किलोमीटरवर थांबेल आणि परतीच्या वाटेवर चार्जिंगसाठी रांग धरावी लागेल. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत नोकरीनिमित्त हिंडणाऱ्यांना घटलेल्या प्रत्येक किलोमीटरची किंमत कळते. महिना ३०,००० रुपये भाडे धरले, तर २५ टक्के घटीचे साधे मोल ७,५०० रुपये होते. आज हा बोजा न बोलता भाडेकरूवर पडतो.

कायद्याची स्थिती विचित्र आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार भाडेपट्ट्यावरील वाहन ज्याच्या ताब्यात असते, तोच त्या कायद्यापुरता ‘मालक’ समजला जातो. म्हणजे त्या कायद्याने मालकावर टाकलेल्या जबाबदाऱ्या त्याच्याकडे येतात. परंतु बॅटरी उघडण्याचा वा बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. याउलट १८७२ चा करार कायदा पाहावा. भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान झाले, तर देणारा जबाबदार राहतो. मग तो दोष त्याला ठाऊक असो वा नसो. घेणाऱ्याने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी वाजवी काळजी घेतली म्हणजे त्याचे कर्तव्य संपते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा नियम न्याय्य आहे. पण तो दोषाविषयी बोलतो आणि झीज म्हणजे दोष नव्हे, असे म्हणण्यास कंपनी मोकळी राहते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी टाकाऊ बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली, हे योग्यच झाले. मेलेल्या बॅटरीचा वाली अशा रीतीने ठरला. आजारी बॅटरीचा अद्याप ठरायचा आहे.

भाड्याच्या व्यवहारात जोखीम मालकाकडे राहू शकते, याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ याच मार्गावर सुरू झाली. विजेच्या अशा गाड्या भाडेतत्त्वावर घेताना सार्वजनिक परिवहन संस्था सामान्यतः धावलेल्या किलोमीटरमागे ठेकेदारास पैसे देतात. गाडी उभी राहिली की ठेकेदाराचे उत्पन्न थांबते. म्हणून बॅटरी सुस्थितीत ठेवण्यात त्याचा स्वार्थ असतो. २०२४ मध्ये आलेल्या एम. जी. विंडसर या मोटारीसोबतही बॅटरीचे भाडे किलोमीटरला ३ रुपये ५० पैसे या दराने आकारण्याची योजना जाहीर झाली होती. मोठी संस्था जी अट घालून घेऊ शकते, ती एकटा शिक्षक किंवा कारकून घालू शकत नाही. सौदाशक्तीतील ही विषमता हेच शासनाने हस्तक्षेप करण्याचे कारण आहे.

असा हस्तक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. अवर्षणाशी पिढ्यान् पिढ्या झुंजलेल्या या जिल्ह्याला आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, समजावून सांगण्याची गरज नाही. पीक किती आणे आले हे ठरवून जमीनमहसुलात सूट वा तहकुबी दिली जाई. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने त्यापुढे पाऊल टाकले: सरकारने महसूल सोडला वा तहकूब केला, तर जमीनमालकानेही कुळाचा खंड त्याच प्रमाणात सोडला वा तहकूब केला पाहिजे. जमिनीने दिले नाही, तर कुळाने कोठून द्यावे, हा त्यामागील विचार होता. बॅटरीलाही तोच न्याय लावावा. तिची क्षमता वर्षातून एकदा मोजावी आणि घटीच्या प्रमाणात भाड्यात सूट द्यावी.

यावर मालक कंपन्यांचा एक आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. खंडाने घेतलेल्या रानात कोणी मनापासून शेणखत घालीत नाही. तसेच भाड्याच्या मोटारीची बॅटरी कोणी जपणार नाही, असे त्या म्हणतील. ही भीती निराधार नाही. दुसऱ्याच्या वस्तूबाबतचा निष्काळजीपणा हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. परंतु बॅटरीच्या बाबतीत पुरावा हाताशी असतो. तिच्यावर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटारीतच बसविलेली असते आणि तापमान व चार्जिंग यांची माहिती ती घेत असते. दुरुपयोग झाला असेल तर त्या माहितीवरून दाखवावा आणि सूट नाकारावी. अट एवढीच की, ती माहिती भाडेकरूलाही पाहता आली पाहिजे. आणेवारी एकट्या जमीनमालकाने ठरविली असती, तर दुष्काळ कधी जाहीरच झाला नसता.

मोजणी तटस्थ हातांनी व्हावी, हा यातील कळीचा मुद्दा आहे. संरक्षण संशोधन संस्थेचे वाहन संशोधन व विकास केंद्र याच शहराजवळ आहे आणि मान्यताप्राप्त वाहनचाचणी संस्थांत त्याची गणना होते. तथापि बाजारात येण्यापूर्वीची चाचणी नव्या नमुन्याची असते. तिसऱ्या वर्षी दारात उभ्या असलेल्या मोटारीची नव्हे. वापरातील बॅटरीची क्षमता मोजण्याची प्रमाणित पद्धत ठरवून प्रत्येक जिल्ह्यात तशी अधिकृत सोय करणे शासनाला अशक्य नाही. युरोपात रेनो कंपनी ‘झोए’ मोटारीची बॅटरी भाड्याने देत असे, तेव्हा क्षमता ७५ टक्क्यांखाली गेल्यास ती दुरुस्त करून वा बदलून देण्याचे बंधन तिने स्वीकारले होते. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या मोटारींच्या बॅटरीला माहितीचे पारपत्र सक्तीचे करण्याचे ठरविले आहे.

कायदा होईपर्यंत वाचकांनी स्वतः सावध राहिले पाहिजे. सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: ताबा घेतेवेळची मोजलेली क्षमता, ती कितीपर्यंत घटल्यास बॅटरी बदलली जाईल तो आकडा, बदलण्यास लागणारे दिवस व त्या काळातील पर्यायी वाहन, आणि तोवर भाड्याचे काय होईल. प्रत्येक चार्जिंगचे युनिट व धावलेले अंतर वहीत टिपावे. वाद झाल्यास ही वही कामी येईल. बॅटरी बिघडताच मालक कंपनी आणि उत्पादक या दोघांनाही लेखी कळवावे. रागाच्या भरात हप्ता परस्पर थांबविणे मात्र धोक्याचे आहे. त्यामुळे थकबाकीदार ठरण्याची पाळी येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. परंतु ‘अन्याय्य करार’ म्हणून एखादी अट रद्द ठरविण्याचा अधिकार त्याच कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगांनाच दिला आहे. सामान्य पगारदाराने एका कलमासाठी जिल्ह्याबाहेर खेटे घालावेत, हे ग्राहकसंरक्षणाच्या हेतूशी विसंगत आहे. हा अधिकार जिल्हा आयोगांनाही मिळावा.

विजेच्या वाहनांचा प्रसार व्हावा, यासाठी शासन करसवलती व अनुदाने देत आले आहे. तो पैसा जनतेचा आहे. त्या पैशाने उभ्या राहणाऱ्या बाजारपेठेत नफा मालकाचा आणि झीज भाडेकरूची, अशी वाटणी राहिली, तर लोकांचा विश्वास बॅटरीहूनही लवकर झिजेल आणि तो बदलून देण्याची हमी कोणतीही कंपनी देऊ शकणार नाही.