आंतरजालाचा राजशिष्टाचार

गणपतीत पेणला आईकडे गेलो होतो. आरत्या झाल्या, मोदक हाणून झाले, आणि दुपारी सगळं घर आडवं झाल्यावर रोह्याची भाची एक जाडजूड झेरॉक्सचं बाड घेऊन हळूच शेजारी येऊन बसली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. दहावीपर्यंत मराठी माध्यम.

"मामा, हे नेटवर्किंगचं जरा सांगशील? तोंडी परीक्षेत विचारलं आणि मी नुसती उभी राहिले. मला नाही जमायचं रे हे."

गेली अठरा वर्षं मामाचं पोट याच धंद्यावर भरतंय, त्यामुळे मामाने लगेच बाह्या सरसावल्या. पण बाड उघडलं आणि मलाच काही कळेना. कुठल्याशा शिकवणीवाल्यांनी (नाव सांगत नाही, भांडण नको) खास मराठी माध्यमाच्या मुलांसाठी काढलेल्या त्या नोट्स होत्या. पहिलंच वाक्य असं: 'आंतरजाल राजशिष्टाचार हा दोन यजमानांमधील संपुटांच्या वहनाचा शिष्टाचार होय.'

यजमान! माझ्या डोळ्यांपुढे सोवळं नेसून, पळी-पंचपात्र घेऊन पाटावर बसलेले दोन कॉम्प्युटर आले. पुढे 'बंदर क्रमांक ८०' होतं, 'त्रिमार्गी हस्तांदोलन' होतं, 'सरकती खिडकी' होती. भाचीला विचारलं, बंदर म्हणजे काय समजलीस? म्हणाली, "धरमतरसारखं काहीतरी असेल. तिथे डेटा उतरवून घेतात." बिचारीची काय चूक? इंग्रजीत पोर्ट दोन आहेत, एक लॅटिनमधल्या बंदरावरून आलेलं आणि एक दारावरून. नेटवर्कातलं पोर्ट हे दाराच्या कुळातलं. ८० नंबरचं दार वाजवलं की वेबपानं देणारा बाहेर येतो, २५ नंबरचं वाजवलं की टपालवाला. भाषांतर करणाऱ्याने कोश उघडला, पहिला अर्थ उचलला आणि दाराचं बंदर केलं.

आणि राजशिष्टाचार? मंत्रालयात त्या नावाचा विभाग आहे. पाहुण्यांत कोणाची गाडी पुढे, कोणाला कुठली खुर्ची, हे तिथे ठरतं. रोह्याच्या माणसाला तर राजशिष्टाचार शिकवायलाच नको. दसरा झाला की धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस ग्रामदैवताला सशस्त्र सलामी देतात. ते पाहत लहानाची मोठी झालेली मुलगी 'आंतरजाल राजशिष्टाचार' वाचून काय समजणार? इंटरनेटला पोलीस सलामी देतात?

(हसू नका. मीही हसलो, आणि मग तिचा चेहरा पाहून गप्प बसलो.)

मूळ शब्दाची कथा ऐका. ग्रीकमध्ये प्रोटोकॉल म्हणजे पपायरसच्या गुंडाळीला चिकटवलेलं पहिलं पान. तिथून तो कराराच्या मसुद्याकडे गेला, तिथून राजदूतांच्या रीतिरिवाजांकडे. नेटवर्कच्या दुनियेत तो १९६७ साली आला, इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या स्कँटलबरी आणि बार्टलेट यांच्या एका टिपणात. दोन यंत्रांनी आपसात कसं बोलायचं हे आधी ठरवून ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. मानपान नाही, खुर्ची नाही. आपल्याकडे याला 'ठरल्याप्रमाणे' म्हणतात, 'रीत' म्हणतात.

त्याच प्रयोगशाळेत डोनल्ड डेव्हिस होते. मजकुराचे लहान तुकडे करून पाठवायचे, ही कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण ते त्या तुकड्याला 'मेसेज ब्लॉक' म्हणत. डेव्हिसना नाव हवं होतं. त्यांनी काय केलं? प्रयोगशाळेतल्या एका भाषातज्ज्ञाला विचारलं, की इतर भाषांतही सहज नेता येईल असा शब्द कोणता? आणि 'पॅकेट' ठरवला. म्हणजे ज्या माणसाने शब्द घडवला, त्याने आपल्या भाषेबाहेरच्या लोकांचा विचार त्याच दिवशी करून ठेवला होता. आपल्याकडे तर 'पाकीट' हा शब्द पोस्टमनपासून खिसेकापूपर्यंत सगळ्यांच्या तोंडी! तो तयार असताना या नोट्सवाल्यांनी 'संपुट' आणलं. का? तर पाकीट फार सोपं पडलं म्हणून. माझा खरा राग इथे आहे. मराठीत शिकवायचं म्हणून मराठी वापरलीच नाही. इंग्रजीचं ओझं उतरवून त्या जागी संस्कृतचं ठेवलं, आणि वर उपकार केल्याचा आव.

मी बाड मिटलं. म्हटलं, समज तू खाली अंगणात आहेस आणि आजी माडीवर. तू हाक मारतेस, "आज्जी!" आजी वरून म्हणते, "ओ! ऐकू येतंय का गं माझं?" तू म्हणतेस, "येतंय!" मग बोलणं सुरू. पहिली हाक. दुसऱ्यात ओ आणि उलट हाक एकदम. तिसरी पोच. झालं तुझं त्रिमार्गी हस्तांदोलन.

"आणि माझं 'येतंय' आजीला ऐकूच गेलं नाही तर?" हे तिने विचारलं, मी नाही.

"तर काय होईल?"

"आजी पुन्हा ओरडेल. थोडं थांबून परत ओरडेल. मग जरा जास्त थांबून... मग कंटाळून सोडून देईल."

मंडळी, १९८१ च्या टीसीपीच्या दस्तऐवजात आणि नंतरच्या सुधारणांत जे पानंच्या पानं लिहिलंय, ते हेच आहे. दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं आणि शेवटी नाद सोडायचा. मुलीला हे कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीसाठी मुलाखती घेताना चांगल्या इंग्रजी शाळांतून आलेली मुलं मला 'थ्री वे हँडशेक' तोंडपाठ म्हणून दाखवतात, पण तिसरी पोच हरवली तर काय, असं विचारलं की खिडकीबाहेर बघतात. म्हणजे घोकंपट्टी दोन्हीकडे आहे. यांची इंग्रजीतली, त्यांची संस्कृतातली.

मग तिला चेव आला. म्हणाली, आमच्या आळीत टवाळ पोरं हाक मारून पळून जातात आणि आजी ओ देत बसते, त्याचं काय? म्हटलं, त्याचं नाव सिन फ्लड. १९९६ साली न्यूयॉर्कच्या पॅनिक्स नावाच्या इंटरनेट कंपनीची सेवा नेमकं असंच करून बंद पाडली होती. हजारो खोट्या हाका, आणि ओ देता देता खऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला सवड नाही.

पत्ता आणि क्रमांक समजवायला लांब जावं लागलं नाही. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात आपण आधी आपला पाट नेऊन देतो. पाटाखाली नाव, गाव, नंबर. कारखान्यात एकसारख्या शेकडो मूर्ती, पण ज्याची त्याला मिळते ती मूर्तीच्या तोंडाकडे बघून नव्हे, पाटावरच्या अक्षरांवरून. मधल्या माणसाने आत काय आहे ते पाहायची गरज नाही, पाट वाचला की पुरे.

आता दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांशी भांडतो. (दोघेही हे वाचतात. ह. घ्या.)

आमचे एक बंधुराज अमेरिकेत असतात. त्यांचं म्हणणं, कशाला पोरीच्या डोक्यात मराठी घालतोस, शेवटी सगळं इंग्रजीतच आहे. अर्धं खरं आहे. तारेवरून जे जातं ते अक्षर न् अक्षर ठरलेलं असतं, तिथे भाषांतर चालत नाही. वेबच्या प्रोटोकॉलमध्ये 'रेफरर' या शब्दाचं स्पेलिंग सुरुवातीलाच चुकलं, एक 'आर' गळला. १९९६ च्या अधिकृत दस्तऐवजात ते तसंच गेलं, आणि आज जगातला प्रत्येक ब्राउझर ती चूक इमानाने पाठवतो, कारण दुरुस्त केलं तर समोरच्याला कळणार नाही. तसंच आपलं '.भारत'. २०१४ साली देवनागरीत पत्ते आले, आपण खूश झालो, पण पडद्यामागे त्याचं रोमन अक्षरांतलं एक विचित्र रूप करूनच ते पुढे पाठवलं जातं. ठीक आहे. यंत्रं आपसात काय बोलतात ते त्यांचं त्यांना लखलाभ. पण त्यांच्याबद्दल आपण काय बोलायचं, कुठल्या भाषेत विचार करायचा, हे कुठल्या दस्तऐवजात लिहिलंय?

रोमानियातल्या काही सहकाऱ्यांबरोबर मी बरीच वर्षं काम केलं. मध्यरात्री काही बंद पडलं की ते आपसात रोमानियनच बोलत. जाळ्याला 'रेत्सेआ', पाकिटाला 'पाकेत', फायलीला फ्रेंचांकडून उचललेलं 'फिशिएर'. पण राउटर तो राउटर आणि प्रोटोकॉल तो प्रोटोकॉल. कोणाला त्याची लाज नाही की अभिमान नाही. त्या देशाची लोकसंख्या दोन कोटींहून कमी. मराठी बोलणारे आपण २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींच्या वर होतो, आणि तोंडी परीक्षेत आपली मुलगी नुसती उभी राहते.

दुसरे आमचे काका, शुद्धिवाले. त्यांना 'पाकीट'ही परकं वाटतं आणि 'राउटर' ऐकलं की कपाळावर आठी. काका, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, सुमारे १४०० शब्द. एवढ्या मोठ्या राजाचा शब्द, तरी आपण कागद, शाई, दुकान, हवालदार म्हणतोच ना? सावरकरांच्या शब्दांतला 'महापौर' रुळला, 'दूरध्वनी' लेटरहेडपुरता उरला. कारण महापौर हे वर्तमानपत्रात छापायचं पद होतं, आणि फोन रोज हातात धरायची वस्तू. १९६२ च्या पदनाम कोशाला 'बदनाम कोश' म्हणणारेही होतेच. (त्यातले कितीतरी शब्द मात्र आज आपण मुकाट्याने वापरतो, हेही कबूल करतो.) मराठी ब्लॉगवाल्यांचंही तेच झालं. 'दुवा' टिकला, कारण तो आधीपासून आपला होता. 'संकेतस्थळ' टिकलं. 'विरोप' आणि 'न्याहाळक' यांना आपल्याच चार घरांबाहेर कोणी ओळखलं नाही. मीही एकेकाळी हौसेने 'न्याहाळक' लिहीत होतो, तेव्हा हा अहेर घरचाच आहे.

मग राउटरला काय म्हणायचं? राउटर म्हणा. समजावताना 'वाटाड्या' म्हणा, मूल आपोआप विचारतं की वाटाड्याला वाट कोण सांगतो, आणि तिथून पुढचा धडा सुरू होतो. आमचे दुसरे एक काका कोकण रेल्वेवर स्टेशनमास्तर होते. पुढच्या स्टेशनने 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि ती मिळाली की खासगी नंबर घेऊन वहीत लिहायचा. काकांना 'लाईन क्लिअर'ला मराठी शब्द लागला नाही, कारण त्या दोन शब्दांमागे काय उभं आहे ते त्यांना झोपेतही ठाऊक होतं. ते समजलं त्यांना मराठीतूनच.

२०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. चांगलं झालं. पण मला धास्ती आहे ती हीच, की मराठी पुस्तकं म्हणून यजमान आणि संपुटंच छापली जातील, चार वर्षांनी 'बघा, मराठीत होत नाही' म्हणून बंद केली जातील, आणि पराभव मराठीच्या नावावर मांडला जाईल. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एक करावं. प्रत्येक धडा आधी रोह्याच्या एखाद्या मुलीला तोंडी सांगावा. ती मध्येच प्रश्न विचारते का ते पाहावं. मग लिहावं.

संध्याकाळी ताई आणि भाची परतीच्या गाडीला निघाल्या. प्लॅटफॉर्मवर मी शेवटचं उरलेलं सांगत होतो, एका प्रोटोकॉलचं पाकीट दुसऱ्याच्या पाकिटात घालून कसं पाठवतात ते. ती म्हणाली, "म्हणजे कोलाडला मालाचे ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून गोव्याकडे नेतात, तसं?" १९९९ पासून आमच्या जिल्ह्यातून हे चाललंय आणि अठरा वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. म्हटलं, अगदी तसंच, आणि याला टनेलिंग म्हणतात. "बोगद्यातूनच तर जातात ते," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बाड आईच्या माडीवर विसरून गेलीय. पाठवू का विचारलं, तर म्हणाली राहू दे.