चित्रांचे वेळापत्रक आणि ऋतूंचे वेळापत्रक

मुळशी तालुक्यातील कासारसाई येथील धरणाच्या काठावर पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी पुणे-पिंपरीकडील आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील तरुण मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. त्यांपैकी अनेकांनी हे ठिकाण प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्ररूपाने पाहिलेले असते. एकाने छायाचित्र टाकावे, दहाजणांनी ते पाहावे आणि पुढच्या रविवारी त्यांतल्या चौघांनी तेथे यावे, असा हा क्रम आहे. तो पाहून परिसरातील आपल्या व्यवसायबंधूंच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. पाण्याच्या छायाचित्राने एवढी माणसे येतात, तर आपल्या चिकित्सालयाच्या आणि औषधालयाच्या चित्रांनी का येऊ नयेत? हा प्रश्न हेरूनच ‘महिन्याला तीस चित्रे, रोज एक, ठरल्या वेळी’ असा ठेका घेणारी मंडळी आता दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागली आहेत.

इन्स्टाग्रामसारख्या चित्रमाध्यमांचा उपयोग वैद्याने करावा आणि तो नियोजनपूर्वक करावा, याविषयी आमचे दुमत नाही. आपण गप्प राहिलो तर ती जागा रिकामी राहत नाही. नोंदणी नसलेले, शास्त्राशी सुतराम संबंध नसलेले लोक ती भरून काढतात. मात्र हे नियोजन माध्यमाच्या भुकेनुसार न करता ऋतुचर्येनुसार करावे, आणि प्रसिद्धीचे काम यंत्राकडे सोपविले तरी जबाबदारी सोपविता येत नाही, हे दोन मुद्दे आम्हांस सभासदांपुढे मांडावयाचे आहेत.

चित्राचे सामर्थ्य नवे नाही

चित्राच्या द्वारे घरोघरी पोहोचण्याची कला आपल्या भागाला अपरिचित नाही. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला शिळाछापखाना पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे आला. त्या चित्रांनी देवदेवतांना सामान्यांच्या भिंतीवर स्थान दिले, आणि व्यापाऱ्यांनीही तशाच चित्रांखाली आपले नाव छापून दिनदर्शिका वाटल्या. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ने तिथी-सणांच्या जोडीला घरोपयोगी मजकूर देऊन वर्षभर भिंतीवर राहण्याचे तंत्र साधले. या सर्वांत एक गोष्ट समान होती. एकदा छापलेले चित्र वर्षभर नजरेसमोर राहत असे, म्हणून ते विचारपूर्वक निवडले जाई.

नव्या माध्यमात हा क्रम उलटला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले तेव्हा चित्रे ज्या क्रमाने टाकली जात त्याच क्रमाने दिसत. २०१६ पासून पाहणाऱ्याला काय आवडेल याचा अंदाज बांधून यंत्रच क्रम ठरवू लागले. त्यामुळे ‘सकाळी नऊ वाजून सात मिनिटे’ अशा शुभमुहूर्तांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे ते राहिलेले नाही. आपले फॉलोअर कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी अधिक जागे असतात, हे व्यावसायिक खात्याच्या आकडेवारीत फुकट पाहता येते. तेवढे पाहणे पुरेसे आहे. हिंजवडीतील संगणकासमोर बसणाऱ्याची मोकळी वेळ आणि कासारसाई-दारुंब्रे येथील साखर कारखान्यावर ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची मोकळी वेळ एक असणार नाही. आपला रुग्ण यांपैकी कोण, हे वैद्याने आधी ठरवावे.

पंचाहत्तर दिवसांची सोय

नोव्हेंबर २०२२ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात चित्र आगाऊ लावून ठेवण्याची सोय झाली आहे. पुढील पंचाहत्तर दिवसांपर्यंतची तारीख-वेळ नेमता येते, आणि दिवसाला पंचवीस चित्रांपर्यंत मुभा आहे. पंचवीसचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. पंचाहत्तरचा मात्र आहे. ऋतू दोन महिन्यांचा, म्हणजे सुमारे साठ दिवसांचा. संपणाऱ्या ऋतूचे अखेरचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात दिवस मिळून होणारा ऋतुसंधी आपणांस ठाऊक आहेच. या संधिकालात बसून संपूर्ण ऋतूची चित्रे एकदाच लावून ठेवावीत. मुदतीत ती बसतात, आणि रोज सकाळी ‘आज काय टाकावे’ या विवंचनेतून वैद्य मोकळा होतो.

किती टाकावीत? आमच्या मते आठवड्यास दोन, म्हणजे ऋतूला सतरा-अठरा. वर्षा ऋतूचे उदाहरण घेऊ. उकळून घेतलेले पाणी, जुने धान्य, सुंठ घातलेले ताक, अग्निमांद्याची लक्षणे, दिवसा झोपण्याचे तोटे, या ऋतूत नदीचे पाणी वर्ज्य का, बस्तीचा काळ हाच का, अशी आठ-नऊ चित्रे तर अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येच्या अध्यायातूनच सहज निघतील. उरलेली आपल्या देशाप्रमाणे ठरवावीत. मुळशीच्या पावसात भिजत कामावर जाणाऱ्याने पायांच्या बोटांमधील त्वचेची काळजी कशी घ्यावी, हे एका चित्रात सांगता येते. हेमंतात ऊसतोडीच्या मजुरांच्या टाचा भेगाळतात. पाददारीवरील साधा स्नेहाभ्यंग त्यांना दाखविता येतो. दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्यांसाठी नेत्ररक्षणाचे नियम बाराही महिने चालतात. हे सर्व शास्त्रोक्त आहे, उपयोगी आहे आणि यात कोणत्याही औषधाचा गाजावाजा नाही.

औषधी विक्रेत्यांसाठीही विषय कमी नाहीत. वेष्टनावरील परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, निर्मितीची आणि मुदतीची तारीख कोठे पाहावी. ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना काही कल्पांवर का असते. चूर्णाची बरणी ओलसर हाताने का उघडू नये. या गोष्टी ग्राहकाला चित्रानेच पटतात. वनस्पतींच्या ओळखीचे काम तर आपल्यावाचून दुसरे कोणी करू शकणार नाही. २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनाने यकृतास इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल आणि तिच्याशी साम्य असलेली दुसरी जाती यांतील भेद स्पष्ट केला. त्या दुसऱ्या जातीच्या करड्या खोडावर लहान गाठींसारखे उंचवटे असतात आणि तोडल्यावर दुधासारखा स्राव येतो. दोन खोडे शेजारी ठेवून स्वतः काढलेले एक छायाचित्र हजार शब्दांचे काम करील. याउलट ‘गुळवेल प्या, प्रतिकारशक्ती वाढवा’ एवढेच लिहिलेले हिरव्या पानाचे चित्र वाचकाला कोणत्याही कुंपणावरची वेल ओरबाडण्यास प्रवृत्त करील.

रोजच्या चित्राची किंमत

रोज एक चित्र देण्याचे बंधन घेतले की साधारण तिसऱ्या आठवड्यात विषय संपतात. मग ठेकेदार ‘मधुमेह मुळापासून घालवा’, ‘मूतखडा विरघळवा’, ‘कोड बरे झाल्याचा पुरावा’ अशा मजकुराकडे वळतो; कारण असा मजकूर लोक थांबून पाहतात. येथे धंद्याचा प्रश्न संपून कायद्याचा सुरू होतो.

औषधे आणि जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आजही लागू आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ व्याधी-अवस्था दिल्या असून मधुमेह, मूतखडा, कोड, स्थूलता, पक्षाघात, रक्तदाब या सर्व त्यांत आहेत. त्यांच्या निदान-उपचारासाठी औषध सुचविणारी जाहिरात करता येत नाही. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास वर्षापर्यंत कारावास अशी तरतूद आहे. ‘हा कायदा छापील जाहिरातींचा, मोबाइलचा नव्हे’ असे काहीजण समजतात. परंतु १९५४ च्या व्याख्येतच प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या द्वारे केलेली घोषणादेखील जाहिरात मानली आहे. पडदा हा प्रकाशच होय.

नोंदणीकृत व्यवसायीने आपल्या जागेत लावलेल्या पाटीला या अधिनियमात सवलत आहे. ती जागेतील पाटीपुरती आहे. त्याच पाटीचे छायाचित्र जगभर पाठविल्यास ती सोबत प्रवास करील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

औषधनिर्मात्यांच्या जाहिरातींना पूर्वसंमती आवश्यक करणारा १७० वा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला, जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघून स्थगितीही संपली. यावरून ‘आता सर्व मोकळे’ असा अर्थ काढणाऱ्यांनी १९५४ चा अधिनियम पुन्हा वाचावा. पूर्वसंमतीची पायरी गेली, मनाई गेली नाही. रुग्णाची उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे तर, त्याने मोठ्या आनंदाने संमती दिली तरी, टाकू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या संमतीत उपकाराचे ओझे असते, आणि एकदा पसरलेले चित्र परत घेता येत नाही.

यंत्र झोपत नाही, पण जाणतही नाही

आगाऊ नेमलेल्या चित्राचा आणखी एक दोष आहे. ते आपल्या वेळी बाहेर पडतेच, भोवताली काय घडले आहे याची त्यास वार्ता नसते. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चौघांचा मृत्यू झाला आणि कित्येक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पावसाचा आनंद लुटा, आमच्या तेलाने सांधे मोकळे ठेवा’ असे धबधब्याचे चित्र मावळ-मुळशीतील एखाद्या औषधालयाच्या नावे झळकले असते, तर त्या दुकानाकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असते? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे विकाराचे रुग्ण वाढले, त्या आठवड्यात ‘नसांना बळ देणारा काढा’ असे चित्र आपोआप निघणे हे निव्वळ गैरसोयीचे नव्हे, तर गैरसमजाचे कारण झाले असते.

तारखाही बदलतात. २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस साजरा होणारा राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर या निश्चित दिनांकास होऊ लागला आहे. जुन्या यादीवरून लावलेली चित्रे चुकीच्या दिवशी शुभेच्छा देत राहतील. म्हणून चित्रे सुमारे दोन महिन्यांची लावली तरी दर सोमवारी येत्या आठवड्याची दोन चित्रे स्वतः उघडून पाहावीत, आणि खात्याची किल्ली ठेकेदाराकडे नव्हे, वैद्याकडे असावी. आपत्तीच्या दिवशी चित्र मागे घेणारा हात जागा हवा.

मोजावे काय?

‘शेजारचा रोज टाकतो, त्याचे दहा हजार फॉलोअर आहेत, आम्ही आठवड्यास दोन टाकून मागे पडू’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण अर्धाच. संख्या मागे पडेल. परंतु नागपुरात बसून आवड नोंदविणारा मनुष्य कासारसाईच्या दवाखान्यात नाडी दाखविण्यास येणार नाही. टपालाने औषधे पाठविणाऱ्या फार्मसीचे गणित काहीसे निराळे आहे. तरी तेथेही विचारणा आणि पुन्हा आलेली मागणी हीच खरी मोजमापे. बाह्यरुग्ण नोंदवहीत ‘कोठून कळले’ असा एक रकाना वाढवावा आणि ऋतू संपला की त्याची बेरीज करावी. कोणत्या चित्राने माणूस दारापर्यंत आला, हे त्या रकान्याइतके स्पष्ट कोणतेही यंत्र सांगणार नाही. आणि चित्राखाली विचारलेल्या प्रश्नास उत्तर देण्यास वेळ नसेल, तर चित्रे आणखी कमी करावीत. व्यक्तिगत तक्रारीस तेथे उत्तर न देता प्रत्यक्ष तपासणीस बोलवावे, हे वेगळे सांगणे न लगे.

आमची संघटनेस विनंती आहे की सहा ऋतूंचा सामाईक चित्रसंग्रह तयार करावा. वनस्पतींची छायाचित्रे सभासदांनी स्वतः काढलेली असावीत, मजकूर शुद्ध मराठीत आणि थोडका असावा, दोन ज्येष्ठ वैद्य आणि एक विधिज्ञ यांनी तो तपासावा, आणि प्रत्येक सभासदास आपले नाव घालून तो वापरता यावा. यास फारसा खर्च नाही. आरंभ येत्या ऋतुसंधीपासून करता येईल. ज्यांच्याजवळ अशी छायाचित्रे आहेत त्यांनी ती वनस्पतीचे नाव, स्थळ आणि दिनांक लिहून संघटनेकडे पाठवावीत. पहिल्या अठरा चित्रांची निवड एकत्र बसून करू.