न दिसणारी धूळ

आपल्या माळव्यातील मंदसौरच्या पेन्सिलींनी कित्येक पिढ्यांना पाटीवर मुळाक्षरे गिरवावयास शिकविले. परंतु त्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या छातीत दगडाची धूळ साचत गेली आणि सिलिकोसिससारखा असाध्य रोग त्यांच्या वाट्यास आला. ती धूळ निदान अंगाखांद्यावर बसलेली दिसत तरी होती. आज काही कारखान्यांत व प्रयोगशाळांत जी नवी धूळ वावरू लागली आहे, तिचे सुटे कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. नॅनोतंत्रज्ञानातील कण साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटरांचे असतात. रंग, प्लास्टिक, बॅटरी यांत त्यांचा मोठा उपयोग आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. पण तयार वस्तू वापरणाऱ्यापेक्षा कोरडी भुकटी ओतणाऱ्यास व यंत्र साफ करणाऱ्यास धोका अधिक. कारण हे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचतात. कार्बनच्या काही लांब, ताठ नळ्या तर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारख्याच असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत त्यांनी तसाच दाह उत्पन्न केल्याचे आढळले.

ॲस्बेस्टॉसची कथा येथे आठवावीच लागते. त्याच्या धुळीचे दुष्परिणाम ब्रिटनमधील महिला कारखाना-निरीक्षकांनी १८९८ सालीच सरकारी अहवालात नोंदविले होते. नियम झाले १९३१ साली. संपूर्ण बंदी आली १९९९ साली. मधल्या शंभर वर्षांत पुरावा गोळा होत राहिला, तो कामगारांच्या छातीत!

नव्या धुळीबाबत तरी असे होऊ नये. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने २०१३ साली कार्बन-नळ्यांसाठी एक घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचविली, ती सावधगिरीनेच. उपायही अगम्य नाहीत: बंदिस्त यंत्रे, उगमापाशीच धूळ ओढून घेणारी व्यवस्था, कोरड्या झाडूऐवजी ओले फडके आणि योग्य श्वसन-मुखवटा. नाकावर बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी होय.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली अशा उद्योगांत जातील. पगार किती, हे आपण विचारतोच. त्याबरोबर, तेथील हवा कशी राखतात, हेही विचारण्याचा संकोच कोणी करू नये.