अडलेल्या प्रश्नाची मांडणी

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे अडलेले काम गेल्या दीड दशकात ज्या ठिकाणी बहुधा सुटत आले, त्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ची सुरुवात जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये केली. तेथे कोणीही प्रश्न विचारतो, कोणीही उत्तर देतो आणि वाचकांनी पसंत केलेले उत्तर वर चढते. एका पसंतीमागे उत्तर देणाऱ्याच्या नावावर १० गुण जमा होतात. या व्यवस्थेमुळे ज्ञानाचा प्रचंड साठा खुला झाला, हे निर्विवाद आहे. मात्र बहुसंख्य विद्यार्थी तेथे केवळ वाचायला, खरे तर उचलायला, जातात.

या उचलेगिरीचे परिणाम अभ्यासले गेले आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात विद्यार्थी आणि व्यावसायिक अशा ५४ जणांना अँड्रॉइडसाठी सुरक्षिततेशी निगडित कोड लिहायला सांगितले होते. ज्यांना केवळ स्टॅक ओव्हरफ्लो वापरण्याची मुभा होती, त्यांचा कोड अधिकृत दस्तऐवज वापरणाऱ्यांच्या कोडपेक्षा अधिक प्रमाणात चालला, पण तो लक्षणीयरीत्या कमी सुरक्षित होता. याचे कारण असे, की वाचकाची पसंती बहुतेक वेळा ‘हे चालते’ एवढीच ग्वाही देते. फाइलचा आकार बाइटऐवजी किलोबाइट किंवा मेगाबाइटमध्ये दाखवणारा, जावा भाषेतील एक छोटा कोड तेथून असंख्य प्रकल्पांत जाऊन बसला. तो ९,९९,९९९ बाइट ही संख्या ‘१.० मेगाबाइट’ऐवजी ‘१०००.० किलोबाइट’ अशी दाखवतो, हे मूळ लेखकानेच २०१९ मध्ये जाहीरपणे मांडले. उतरवून घेणाऱ्यांपैकी कोणी सीमेवरच्या संख्या तपासून पाहिल्या असत्या, तर ही चूक इतकी वर्षे टिकली नसती.

प्रश्न विचारणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याकडे महाविद्यालयांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रश्नासोबत ‘किमान पुनर्निर्मितीयोग्य उदाहरण’ द्यावे, म्हणजे चूक जशीच्या तशी पुन्हा घडवून दाखवील एवढाच, त्याहून एकही ओळ जास्त नसलेला कोड द्यावा, अशी तेथील अपेक्षा असते. पाचशे ओळींचा प्रोग्राम वीस ओळींवर आणताना चूक कोठे नाही हे एकेक भाग गाळून ठरवावे लागते, आणि अनेकदा प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर हाती लागते. दोष शोधण्याचे हे कौशल्य कोणत्याही भाषेच्या व्याकरणापेक्षा अधिक काळ उपयोगी पडते. दुर्दैवाने ही शिस्त शिकवणारी मंडळी नवख्यांशी अनेकदा तुसडेपणाने वागली. हे ठिकाण नवागतांना आपुलकीचे वाटत नाही, अशी कबुली संस्थेनेच २०१८ मध्ये दिली.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे भाषेची भिंतही असते. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी भाषांसाठी या व्यासपीठाच्या स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या, मराठी किंवा हिंदीसाठी निघाली नाही. त्यामुळे ज्याला चूक नेमकी कळली आहे, तोही ती इंग्रजीत मांडता न आल्याने गप्प राहतो. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठीतूनही धडे उपलब्ध केले आहेत, ही या संदर्भात मोलाची गोष्ट आहे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या नव्या प्रश्नांचा ओघ आटला. यंत्राने लिहिलेली उत्तरे बरोबर भासतात पण वारंवार चुकतात, म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेथे त्यांवर बंदीही घालण्यात आली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठे नुकसान मात्र दुसरेच आहे: अर्धवट प्रश्न परत पाठवणारा वाचक आता समोर उरलेला नाही, कारण यंत्र तसल्या प्रश्नालाही सहसा उत्तर देऊन टाकते. ती जबाबदारी आता प्रयोगशाळेने घेतली पाहिजे. सबमिशनच्या जर्नलमध्ये बिनचूक चाललेल्या प्रोग्रामसोबत एक अडलेला प्रोग्रामही, शक्य तितका लहान करून, काय अपेक्षित होते, काय घडले आणि कोणते उपाय करून पाहिले या नोंदींसह, हवे तर मराठीत, मागावा आणि त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत.