फॉर्मॅट मारण्याआधी



लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला, अँटीव्हायरसने तो काढला आणि नंतर वायफाय चालेना, असं झालं की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : "फॉर्मॅट मारून टाक." दुकानदार हेच सांगतो, वरच्या वर्गातला दादा हेच सांगतो, हॉस्टेलवरचा शेजारीही हेच सांगतो. या सल्ल्याला माझा विरोध आहे. बहुतेक वेळा त्याची गरज नसते, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना तो जरा जास्तच महाग पडतो.

महाग कसा, ते सांगते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल आहेत. फॉर्मॅटमध्ये तो फॉन्ट गेला, की वाचलेली फाइलसुद्धा निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन बसते. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये तर तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. खानापूर तालुक्यातल्या गावी दोन सुट्ट्या बसून तिने त्या उतरून घेतल्या, काही रेकॉर्ड केल्या. आजी आता नाहीत. दुसरी प्रत कुठेच नव्हती. दुकानात उत्तर मिळालं, "फॉर्मॅटच मारूया की मॅडम, उद्या संध्याकाळी न्या." आणि डेटा? "तो राहत नाही हो."

ती लॅपटॉप परत घेऊन आली. आम्ही दोघी वाचनालयात बसलो, शेजारी फोन ठेवून एकेक सेटिंग तपासलं आणि अर्ध्या तासात नेट सुरू झालं. ओव्या जागच्या जागी होत्या. बिघाड होता एका बटणाचा. तो कुठे होता ते पुढे येईलच.

आधी एक जुनं प्रकरण बघा. 'डीएनएस चेंजर' नावाच्या मालवेअरने शंभरहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांमधली डीएनएसची नोंद बदलली होती. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो, ही वही त्याचा आकडी पत्ता देते. चोरांनी लोकांच्या हातात आपली खोटी वही दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने हा कट उघड केला आणि एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. पण चोरांचे सर्व्हर लगेच बंद केले असते, तर त्या लाखो संगणकांचं नेटच बंद पडलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू राहिले, लोकांना आपली नोंद दुरुस्त करायला वेळ मिळावा म्हणून.

माझा मुद्दा हाच आहे. चोर पकडणं हे एक काम आणि त्याने वळवलेली वाट सरळ करणं हे दुसरं. अँटीव्हायरस बहुधा पहिलं करून थांबतो. दुसरं राहून जातं आणि आपण म्हणतो, "वायफाय गेलं."

म्हणून आधी पहिलं काम पुरं झालंय का ते बघा. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन असतो. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तो तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडण्याची शक्यता वाढते. मग त्याच वायफायवर फोनचं नेट चालतंय का पाहा. फोनवरही चालत नसेल, तर दोष राउटरचा किंवा लाइनचा असू शकतो.

फोन चालतोय, पण लॅपटॉपवर नेटवर्कची यादीच दिसत नाही? मग एअरप्लेन मोड बघा. सर्व्हिसेसमध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे का बघा. मालवेअर कधी कधी ती सेवाच बंद करतं. तरीही नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं उपकरण अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत मात्र टिक करू नका.

यादी दिसते, 'कनेक्टेड' म्हणतं, पण पान उघडत नाही? मग चार जागा आहेत. एक, प्रॉक्सी. मालवेअर सगळी वाहतूक स्वतःकडून जावी म्हणून तिथे १२७.०.०.१ असा पत्ता घालतं, म्हणजे याच लॅपटॉपचा. मालवेअर गेलं तरी तो पत्ता राहतो आणि ब्राउझर नसलेल्या दारावर टकटक करत बसतो. मैत्रिणीचा बिघाड हाच होता. प्रॉक्सी बंद केली, झालं. दोन, डीएनएस. तो 'आपोआप मिळव' यावर ठेवा. तीन, होस्ट्स नावाची फाइल. तिच्यात अनोळखी ओळी असतील तर काढा. चार, विनसॉक. काही मालवेअर नेटवर्कच्या साखळीत स्वतःची कडी घुसवतं. ती कडी नुसती तोडली की साखळीच तुटते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच विनसॉक रीसेट' ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

एवढ्यानेही जमलं नाही, तर विंडोज १० आणि ११ मध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे. त्यात वायफायचे पासवर्ड जातात, तुमच्या फाइलना धक्का लागत नाही.

कुणी म्हणेल, फॉर्मॅट केलेलं जास्त सुरक्षित. काही वेळा ते खरंच आहे. मालवेअर पुन्हा पुन्हा उगवत असेल, ते विंडोजच्या मुळाशी गेलं असेल, किंवा त्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर मीही फॉर्मॅटच म्हणेन. पण आधी कागदपत्रं, फोटो, रेकॉर्डिंग आणि फॉन्ट बाहेर काढा, ते तपासून घ्या आणि मगच. शिवाय काहीही केलंत तरी पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. चोरलेला पासवर्ड फॉर्मॅटने परत येत नाही. माझा राग फॉर्मॅटवर नाही, न बघता फॉर्मॅट मारण्यावर आहे.

"आपण वाङ्मयवाले, आपल्याला यातलं काय कळतंय?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मुद्रितशोधन करताना आपण काय करतो? ओळ न ओळ वाचतो, चूक कुठे आहे ते शोधतो आणि तेवढीच दुरुस्त करतो. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी अख्खा लेख कुणी टोपलीत टाकत नाही. लॅपटॉपलाही तेवढाच धीर लागतो.

तेव्हा मंडळाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. वरच्या पायऱ्या मराठीत एका पानावर छापून मंडळाच्या फलकावर लावाव्यात. नेट बंद पडल्यावर नेटवरची माहिती काय कामाची? आणि अंकासाठी आलेल्या प्रत्येक साहित्याच्या, विशेषतः घरच्या वडीलधाऱ्यांकडून उतरून घेतलेल्या मजकुराच्या, दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वायफाय आज ना उद्या सुरू होईल. ओव्या सांगणारी माणसं मात्र आपल्याकडे थोडीच उरली आहेत.