सोलेभात परका कसा?



"जैनाच्या चुलीवर कॅरिबियन जेवण? मग धर्म कुठे राहिला?" हे वाक्य या हिवाळ्यात मी तीन वेळा ऐकलं. एकदा मंदिराच्या ओसरीत, एकदा लग्नघरी, एकदा फोनवर. बोलणाऱ्या तिघीही वयाने मोठ्या, त्यांचा मान आहेच. पण मान ठेवूनही म्हणणं खोडता येतं, आणि हे खोडायलाच हवं. कारण याचा तोटा आपल्या लेकीसुनांना होतो.

आधी नियमाचं बोलू. आपल्याकडे अभक्ष्य ठरतं ते जीवहिंसेवरून. कंदमुळात अनंत जीव, म्हणून कंदमूळ नाही. रात्री जीव दिसत नाहीत, म्हणून सूर्यास्तानंतर जेवण नाही. पिठाला मर्यादा आहे, पाणी गाळून घ्यायचं आहे, डाळीत कच्चं दही मिसळलं की द्विदल होतं. यात कुठे देशाचं नाव आहे का? पदार्थ कोणत्या बेटावरचा हे शास्त्र विचारत नाही. त्यात काय आहे आणि तो कसा केला, एवढंच विचारतं. मग आपण कोण नवा नियम घालणार?

आता परकेपणाचं. पौष-माघात आपल्या बीबीच्या शिवारात तुरीच्या शेंगा भरतात. त्याच ओल्या तुरीला जमैकात 'गंगो पीज' म्हणतात. तूर मूळची भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराबरोबर समुद्रापलीकडच्या बेटांवर पोचली. तिथे नाताळाच्या सुमारास तिचा हंगाम असतो आणि त्या दिवसांत घरोघरी नारळाच्या दुधात तुरीचे ओले दाणे घालून भात शिजतो. म्हणजे आपला सोलेभातच! आपण फोडणीत करतो, त्या नारळाच्या दुधात करतात.

पुढे 1845 साली 30 मे रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून दोनशेहून जास्त मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेली ही माणसं. मराठी मजूर मॉरिशसला गेले, तसे हे बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांनी सोबत जिरं, हळद, तवा आणि पुरणाची युक्ती नेली. आज त्रिनिदादमध्ये 'दालपुरी' खातात, ती म्हणजे जिरं घातलेल्या वाटल्या डाळीचं सारण भरलेली पोळी. गूळ काढलेली पुरणपोळीच म्हणा. तिथला 'चोका' म्हणजे भाजून कुस्करलेला टोमॅटो किंवा वांगं. यात परकं काय आहे, ते मला कोणीतरी दाखवा.

उलट बाजूही पाहा. मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पपई, पेरू, आणि ज्याचं आपल्याला एवढं कौतुक ते सीताफळ, हे सगळं त्या अमेरिकेकडच्या मुलखातून आलं. परदेशी म्हणून बाद करायचं असेल, तर आधी ठेचा बाद करा. करणार का?

"पण ते लोक मांस खातात," असं एक उत्तर येतं. खातात. आपल्या गावातही खातात, म्हणून आपण गावची ज्वारी सोडली का? आणि त्याच जमैकात 1930 च्या दशकात उभा राहिलेला रास्ताफारी पंथ आहे. त्यातले कित्येक लोक श्रद्धेपोटी मांस खात नाहीत, डबाबंद अन्न टाळतात, काही जण मीठसुद्धा. त्या आहाराला ते 'आयटल' म्हणतात. आणखी एक गोष्ट सांगते. 1791 नंतर इंग्लंडमधल्या हजारो घरांतून बायकांनी या बेटांवरची साखर बंद केली, कारण ती गुलामांच्या रक्ताची होती. ताटातल्या घासामागे कोणाचं दुःख आहे, हा विचार त्यांनी केला. याला आहारविवेक नाही तर काय म्हणायचं?

आता दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींना दोन शब्द. कॅरिबियन म्हटलं की तुम्ही मोबाइल उघडता आणि 'जर्क सॉस'ची बाटली मागवता. त्या मसाल्यात कांद्याची पात आणि लसूण असतात. बाटलीवरचा हिरवा ठिपका मांस नसल्याचं सांगतो. लसूण आहे की नाही, ते सांगत नाही. नारळाचं दूध डब्यातलं, तूरही डब्यातली, आणि बांधावर शेंगा वाळून चालल्यात! शेजारच्या शेतकऱ्याकडून दोन किलो शेंगा घेतल्या तर पैसा गावात राहतो. हे स्वस्त आहे, ताजं आहे आणि आपल्या नियमातही बसतं.

माझ्या घरी होतो तो प्रकार असा. एक वाटी सोले, एक वाटी तांदूळ, अडीच वाट्या पातळ नारळाचं दूध. सोले आधी त्या दुधात बोटचेपे शिजवायचे. कांदा-लसणाऐवजी हिंग. तिकडे थाइम घालतात. त्याच्या वासात जे द्रव्य आहे तेच आपल्या ओव्यात आहे, म्हणून पाव चमचा ओवा. दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर जायफळ. मग धुतलेले तांदूळ, मीठ, आणि वर एक अख्खी हिरवी मिरची, न फुटू देता. मंद आचेवर झाकण ठेवायचं. नारळाचं दूध हे काही गाईम्हशीचं दूध नव्हे, त्यामुळे द्विदलाचा प्रश्नच नाही. सोलेभातावर दही घेणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

सोबत टोमॅटोचा चोका, जिऱ्याची फोडणी देऊन. दालपुरीचं पीठ ताजं हवं. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, म्हणजे हाच ऋतू सोयीचा. आणि प्यायला लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. जमैकात नाताळाला हेच पितात, 'सॉरेल' म्हणतात. ते आलं घालून रात्रभर मुरवतात. आपण सुंठ घालायची, सकाळी उकळत्या पाण्यात पाकळ्या टाकून दुपारी गाळायचं आणि त्याच दिवशी संपवायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. शेंगांत अळी असते. म्हणून दरेक शेंग उजेडात उघडून पाहावी लागते, अळी असेल तर हळूच बाजूला सोडावी लागते. हाच यत्नाचार. दोन किलो शेंगांना तास-दीड तास जातो. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सगळं त्याआधी. हा वेळ कोणाचा जातो? घरातल्या एकाच बाईचा. नियमांच्या गप्पा ओसरीत, अळ्या मात्र सुनेने पाहायच्या! अहिंसा सगळ्या घराची असेल, तर शेंगाही सगळ्या घराने सोलाव्या. सासरे, दीर, नवरा, पोरं, सगळ्यांनी उन्हात बसावं. माझा आग्रह त्या पदार्थापेक्षा याचा जास्त आहे.

आपल्या मुली शिकायला पुणे-संभाजीनगरला जातात. तिथे नवं दिसणार, चव घ्यावीशी वाटणार. घरात 'हे आपलं नाही' एवढंच ऐकलेली मुलगी एक दिवस सगळंच सोडून देते, कारण का नाही ते तिला कोणी सांगितलेलंच नसतं. नियमाचं कारण कळलेली मुलगी मात्र कोणत्याही देशाचा पदार्थ समोर आला, तरी त्यात काय आहे ते विचारेल, बदलायचं ते बदलेल आणि दिवस मावळायच्या आत जेवेल. तुम्हाला यातली कोणती मुलगी हवी?

संक्रांतीपर्यंत शेंगा मिळतील. एका रविवारी दुपारी करून पाहा, आणि ज्या काकूंना शंका आहे त्यांना साडेचारला जेवायला बोलवा.