खापर आईच्याच माथी का?

प्रवेशाच्या दिवसांत वसतिगृहाच्या ओसरीवर पालकांची गर्दी असते. एका जूनमध्ये सेनगावकडील एक माउली दोन मुलींना घेऊन आली होती. तिसरी कडेवर होती. अर्ज भरताना मी सहज विचारले, “मुलगा नाही का, ताई?” ती मान खाली घालून म्हणाली, “नाही ना सर, माझ्याच कुशीत खोट हाय.” तो प्रश्न विचारल्याची मला आजही लाज वाटते. त्याहून अधिक लाज याची, की विज्ञानाचा शिक्षक असूनही मी तिथे गप्प बसलो.

उत्तर तर शाळेच्या पुस्तकातच आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक वाय. म्हणून आईच्या अंड्यातून बाळाला एक्सच मिळते. पित्याच्या शुक्राणूंपैकी निम्मे एक्स वाहतात, निम्मे वाय. त्यांतील कोणता अंड्यापर्यंत पोहोचतो यावर मुलगा की मुलगी हे ठरते. १९०५ साली पिठातल्या भुंग्यांच्या पेशी तपासून हे सूत्र मांडणाऱ्यांत नेटी स्टीव्हन्स ही एक स्त्रीच होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, साल १९८८. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. कायदा सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत पोहोचतो. चुलीपुढच्या टोमण्यापर्यंत त्याचा हात जात नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. “दोष बाईचा नाही, पुरुषाचा” असे सांगून आपण केवळ आरोपी बदलतो. कोणता शुक्राणू पुढे जावा हे पित्याच्याही हाती नसते. शिवाय हेच शस्त्र उद्या उलटते. रंगांधळेपणाचे जनुक एक्सवर असते आणि मुलाला एक्स मिळते ते आईकडूनच. स्वतः सर्व रंग नीट पाहणारी वाहक आई असेल, तर तिच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मग तिथे पुन्हा आईलाच बोल लावायचा काय?

याहून कठीण प्रसंग रक्तगटाचा. आई-वडील दोघेही ‘ओ’ असतील तर अपत्यही ‘ओ’च असणार, एवढे अर्धवट ज्ञान आता गावोगावी आहे. अशा घरी ‘बी’ गटाचे बाळ जन्मले, की संशय कुणावर जाईल हे सांगायला नको. पण १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक निराळाच रक्तगट नोंदवला; तो आज जगभर ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जातो. ए किंवा बी हे घटक एच नावाच्या पायावर उभे राहतात. हा पाया घालणारे जनुक दोन्ही बाजूंनी निकामी असेल, तर बीचे जनुक असूनही रक्त साध्या तपासणीत ‘ओ’ दिसते. एक जनुक दुसऱ्याला झाकते. जोडीदाराकडून एच मिळालेल्या बाळात तोच झाकलेला बी उघड होतो. असे रक्त फार विरळ, हे खरे. पण एखाद्या निर्दोष स्त्रीचा संसार मोडायला एक प्रसंग पुरतो.

माझे मत असे, की हे प्रकरण परीक्षेच्या गुणांपुरते उरकण्याचे नाही. ज्या मुली इथे शिकून सासरी जातील आणि जे मुलगे उद्या पती होतील, त्या दोघांनाही ते एकाच बाकावर बसून कळले पाहिजे. आणि त्यांच्या पालकांनाही. त्यासाठी फळा लागत नाही. एका वाटीत नुसते चिंचोके ठेवावेत, दुसरीत निम्मे चिंचोके व निम्म्या सीताफळाच्या बिया. पहिली वाटी आईची, दुसरी वडिलांची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक बी उचलायची. दोन चिंचोके आले तर मुलगी, सीताफळाची बी आली तर मुलगा. येत्या पालकसभेत वडीलमंडळींना व सासूबाईंना पुढच्या रांगेत बसवून हा खेळ घ्यावा, अशी माझी शाळेला विनंती आहे. वाट्या मी घेऊन येईन.